पायाची नाडी

म्हसवडला दवाखाना चालवताना पायाची तक्रार ऐकली नाही असा दिवस जात नाही. माणदेश हा चालणाऱ्या माणसांचा मुलूख आहे. मेंढरांमागं मैलोन्‌मैल हिंडणारे धनगर, मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला पायी येणारे भाविक, उसाच्या तोडीला जाणारी जोडपी, पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बायका. ‘गुडघा धरलाय’, ‘टाच टेकवंना’, ‘पायाला गोळं येत्यात’ हे सगळं मी रोज ऐकते. त्यातली बहुतेक दुखणी हाडांची, स्नायूंची किंवा थकव्याची असतात. पण एक तक्रार ऐकली की मी चिठ्ठी लिहायची थांबते आणि समोरच्याला चपला काढायला सांगते. ती अशी : “म्याडम, देवळापासनं स्टँडापतुर चाललं की पोटरी भरून येतीया. जरा थांबलं की बरं वाटतंय. परत चाललं की परत तसंच.”

चालल्यावर दुखणं, थांबल्यावर लगेच राहणं आणि तेवढंच अंतर चालल्यावर पुन्हा दुखणं हे रक्तपुरवठा कमी पडल्याचं लक्षण आहे. स्नायूला काम करताना जास्त रक्त लागतं. धमनी अरुंद झाली असेल तर ते पोचत नाही. मणक्यातली शीर दबली तरी पायात कळा येतात, पण त्या नुसतं उभं राहून जात नाहीत; बसावं किंवा वाकावं लागतं. फरक एवढाच असतो, पण तो विचारला नाही तर माणूस वर्षभर कमरेचा पट्टा बांधून हिंडतो. मणक्याचा एमआरआय झालेला, वाताची औषधं घेऊन झालेली आणि पायाला मात्र कोणाचा हात लागलेला नाही, अशी माणसं माझ्याकडं येतात.

पावलाच्या वरच्या बाजूला एक नाडी लागते आणि घोट्याच्या आतल्या हाडामागं दुसरी. दोन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि थांबायचं. पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. वरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतः लागत नाही. पण दोन्ही लागल्या नाहीत तर मी हातातलं छोटं डॉपलर काढते, बीपीचा पट्टा घोट्यावर बांधते आणि घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबानं भागते. उत्तर ०.९ च्या खाली आलं की धमनीत अडथळा आहे असं धरून पुढं जायचं. जुनी शुगर असेल तर धमनीची भिंत चुन्यानं कडक होते आणि आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून तिथं आकड्यावर विसंबायचं नाही.

या माणसांचे ढोबळ मानानं दोन गट पडतात. पहिला साठीच्या पुढचा : शुगर, बीपी, तंबाखू आणि धमनीत साचलेली चरबी. दुसरा गट माझ्या जास्त जिवाला लागतो, कारण तो तरुण आहे. तिशी-पस्तिशीतला, शुगर नाही, बीपी नाही, अंगानं काटक, पण रोज विडीची जुडी संपवणारा. त्याच्या हातापायांच्या लहान आणि मध्यम धमन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होतात आणि बोटांच्या टोकांकडून पाय मरत येतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ साली या आजाराचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तो आता क्वचित दिसतो. आपल्याकडं अजून दिसतो, कारण आपल्याकडं विडी आहे. निपाणीच्या रानात तिचा तंबाखू पिकतो, सोलापुरात हजारो बायका ती वळतात. या दोन्ही गावांच्या चुली तिच्यावर पेटतात, हे मला ठाऊक आहे. पण तिची राख माझ्या टेबलासमोर बसलेल्या पोराच्या अंगठ्यावर दिसते, तेव्हा पोटात तुटतं.

असाच एक पोरगा काही वर्षांपूर्वी आला. आपल्या भागातली पुष्कळ माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. हाही परमुलखात एका गलाईच्या दुकानात कामाला होता. करंगळी काळी पडलेली, शेजारच्या बोटाला जखम. रात्री झोप नाही. खाटेवर पाय वर घेतला की आग होते, खाली सोडला की थोडं बरं वाटतं, म्हणून तो रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसायचा. रक्त पायापर्यंत उतरायला गुरुत्वाकर्षणाचा तेवढाच आधार उरला की असं होतं. मोठ्या शहरात अँजिओग्राफी झाली होती. गुडघ्याखालच्या धमन्या ठिकठिकाणी बंद. बायपास जोडायचा तर पलीकडं जोडायला चांगली धमनी हवी, ती नव्हती. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल असं त्याला सांगितलं गेलं होतं.

त्याच्या भावानं मोबाइल पुढं केला. “म्याडम, ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन हाय म्हणं. पायात नव्या शिरा फुटत्यात. आईनं रान विकायचं ठरीवलंय.” आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, “रान परत घेता यील बाई. पोराचा पाय कुठनं आणू?”

या प्रश्नाला ‘असलं काही नसतं’ असं उत्तर देणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. ‘जा, करून या’ हेही खरं नव्हतं. त्यांना मी काय सांगितलं ते सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आता वेगवेगळ्या तोंडून वरचेवर येतो.

शरीर स्वतः नव्या रक्तवाहिन्या तयार करतं, ही गोष्ट खरी आहे. मोठा रस्ता बंद पडला की माणसं आडवाटेनं जातात आणि वर्दळ वाढली की आडवाटेचीच सडक होते. मुख्य धमनी बुजली की आजूबाजूच्या बारक्या धमन्यांचं तसंच होतं. त्यांच्यातून वाहणाऱ्या रक्ताचा भिंतींवर ताण पडतो आणि त्या रुंद होत जातात. शिवाय ज्या पेशींना प्राणवायू कमी पडतो त्या काही प्रथिनं सोडतात आणि त्यांच्या हाकेनं नव्या केशवाहिन्या फुटतात. पेशीला प्राणवायूची कमतरता कशी कळते, याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या प्रथिनांचा शोध कर्करोगाच्या वाटेनं लागला. बोस्टनचे सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की, गाठ वाढण्यासाठी स्वतःच्या रक्तवाहिन्या वाढवून घेते आणि त्यासाठी काही द्रव्य सोडते. ते अडवलं तर गाठ उपाशी मरेल. अशा द्रव्यांपैकी सर्वांत महत्त्वाचं प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळं करून ओळखलं. तेव्हा काही हृदयरोगतज्ज्ञांनी उलटा विचार केला. गाठीला जे नाकारायचं, तेच रक्तावाचून मरणाऱ्या पायाला द्यावं. बोस्टनच्याच जेफ्री इस्नर यांनी हे प्रथिन बनवणारं जनुक माणसाच्या पायात सोडलं. ७१ वर्षांच्या एका बाईंचा तो अनुभव १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. अँजिओग्राफीत नव्या वाहिन्या दिसल्या. त्याबरोबर पायाला सूज आली आणि कातडीवर कोळ्याच्या आकाराच्या लाल वाहिन्याही उमटल्या. दोनच वर्षांनी त्यांच्या गटानं बर्गरच्या रुग्णांवरचे पहिले अनुभव छापले. त्यात आशा होती आणि ती निराधार नव्हती.

पण थोड्या रुग्णांत दिसलेली आशा मोठ्या चाचणीत टिकते का, हे पाहावंच लागतं. दुसऱ्या एका वाढघटकाचं (ग्रोथ फॅक्टरचं), एफजीएफचं जनुक घेऊन टॅमॅरिस नावाची चाचणी झाली. ३० देश, ५२५ रुग्ण, सगळ्यांच्या पायाला जखम किंवा गँगरीन आणि शस्त्रक्रियेला वाव नाही. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं द्रावण. कोणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही माहीत नाही. २०११ मध्ये निकाल आला. वर्षभरात पाय कापावा लागणं किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात दोन गटांत फरक नव्हता. जपाननं एचजीएफ या वाढघटकाच्या जनुक-औषधाला २०१९ मध्ये सशर्त परवानगी दिली. पुढच्या पडताळणीत आधीचा परिणाम पुन्हा दाखवता आला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीनं मागं पाऊल घेतलं.

असं का व्हावं? प्रथिन एकटं पुरत नाही. व्हीईजीएफनं फुटलेल्या केशवाहिन्या नाजूक आणि गळक्या असतात. त्यांना भक्कम करायला दुसरी प्रथिनं वेळेवर यावी लागतात. आणि नुसत्या केशवाहिन्या वाढून उपयोग काय, त्यांना रक्त आणून देणारी धमनी रुंद झाली नाही तर? शिवाय वय झालेल्या, शुगर असलेल्या, तंबाखूनं जळलेल्या धमन्या त्या हाकेला ओ देत नाहीत.

भारतात एक वेगळी वाट चोखाळली गेली. बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीनं निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून स्टेमप्यूसेल नावाचं औषध केलं. ते पोटरीच्या स्नायूत आणि जखमेभोवती टोचतात; त्या पेशी एक नाही तर अनेक वाढघटक सोडतात. बर्गरच्या ९० रुग्णांवरच्या अभ्यासात विश्रांतीतली वेदना कमी झाली, जखमा भरण्याचा वेग वाढला. २०१६ मध्ये औषध महानियंत्रकांनी बर्गरच्या आजारासाठी त्याला मर्यादित परवानगी दिली आणि २०२० मध्ये तिची व्याप्ती वाढवली. ज्या आजारात सर्जनच्या हाती फारसं काही उरत नाही, तिथं आपल्या देशात असा प्रयत्न झाला याचा मला अभिमान वाटतो. पण त्या अभ्यासात नुसत्या द्रावणाचं इंजेक्शन घेतलेला गट नव्हता, हेही सांगायला हवं.

यातलं तेव्हा माहीत असलेलं सगळं मी त्या तिघांना बसवून सांगितलं. शेवटी म्हटलं, “मावशी, रान विकू नका. आधी हा विडी सोडतोय का ते बघू. ती चालू असेल तर जगातलं कुठलंही इंजेक्शन घेतलं तरी पाय जाणार. सुटली तर इंजेक्शनाशिवायही पाय राहण्याची शक्यता मोठी आहे.” बर्गरच्या आजारात हे शब्दशः खरं आहे. दिवसाला एक विडीसुद्धा आजार जागता ठेवते. विडी सोडून मावा, मिसरी किंवा मळलेला तंबाखू धरला तरी तेच.

त्यानं सोडली. कशी सोडली ते त्यालाच माहीत. त्याच्या आईनं सांगितलं की रात्री तो भिंतीवर डोकं आपटायचा. मरू घातलेल्या करंगळीला कोरडं ठेवलं, जखमेचं ड्रेसिंग रोज केलं, दुखण्याची औषधं नीट दिली. मोठ्या शहरातल्या ज्या केंद्रात परवानगी असलेले पेशी-उपचार होत होते तिथं मी त्याची कागदं पाठवली आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला इंजेक्शनं दिली. करंगळी गेली. जखम भरली. पाय राहिला. आज तो गावीच दुकान चालवतो.

लोक मला विचारतात, इंजेक्शनानं पाय वाचला ना? मी सांगते, मला माहीत नाही. त्याची विडी सुटली आणि त्याला इंजेक्शनं मिळाली या दोन गोष्टी पाठोपाठच घडल्या. एका माणसाच्या पायावरून कशानं काय झालं हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून तर टॅमॅरिससारख्या चाचण्या लागतात. त्या चाचणीतली एक गोष्ट मी वारंवार आठवते : नुसतं द्रावण मिळालेल्या गटातले साधारण दोन तृतीयांश रुग्ण वर्षाअखेरीस पाय राखून जिवंत होते. त्यांना नवं औषध मिळालं नव्हतं. त्यांना नियमित तपासणी, जखमेची निगा आणि काळजीनं विचारणारी माणसं मिळाली होती. या साध्या गोष्टींना मी उपचारच म्हणते आणि आपल्या गावातल्या माणसाला नेमकं हेच मिळत नाही.

वाढघटकांबद्दल आणखी एक गोष्ट मला एका आबांमुळं नीट उमगली. शुगर जुनी, पोटरीत दुखतं, आणि डोळ्याच्या पडद्याला सूज म्हणून मिरजेला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घेऊन आलेले. “डोळ्यात जमतंय तर पायात का नको?” हा त्यांचा प्रश्न. डोळ्यातलं इंजेक्शन होतं व्हीईजीएफला अडवणारं, कारण शुगरमध्ये डोळ्यात नको तिथं गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. पायात हवं होतं त्याच्या उलट. एकाच माणसाच्या शरीरात एके जागी जे थांबवायचं तेच दुसरीकडं वाढवायचं. पायात टोचलेलं सगळंच पायात राहील याची हमी नसते, म्हणूनच वाढघटकांच्या बऱ्याच चाचण्यांत डोळ्याचा पडदा बिघडलेल्या किंवा कर्करोग झालेल्या माणसांना घेतलं नाही. ‘नैसर्गिकच आहे, साइड इफेक्ट नाही’ असं कोणी सांगितलं तर हे आठवावं.

आबांना मी चालायला सांगितलं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. हृदय तपासून सिलोस्टॅझॉल दिलं. हृदय कमजोर असेल तर ते चालत नाही. आबा म्हणाले, “जन्मभर मेंढरामागं चाललो, आता औषध म्हणून चालू व्हय?” पण चालले. थांबल्याशिवाय जाता येणारं त्यांचं अंतर वाढत गेलं. या उपायाचा फायदा एकामागून एक अभ्यासांत दिसला आहे. मात्र पायाला जखम किंवा रात्रीची कळ असेल त्यानं असं चालायचं नाही. त्यानं आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडं जायचं.

इंजेक्शनासाठी कोणी पैसे गोळा करत असेल तर मी त्याला काही प्रश्न लिहून देते. हे औषध परवानगी मिळालेलं आहे की चाचणीतलं? चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिचा नोंदणी क्रमांक कोणता? चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मग पैसे कशाचे? माझ्या डोळ्याचा पडदा तपासला का? अँजिओप्लास्टी किंवा बायपास खरंच शक्य नाही, असं रक्तवाहिन्यांच्या सर्जननं सांगितलंय का? महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारलं का? स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून टोचण्यालाही ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणतात आणि जखम भरायला लावायची वाढघटकाची जेलही मिळते. या वेगळ्या गोष्टी आहेत. जेल बंद धमनी उघडत नाही.

आणि घरी काय करायचं, तेही सांगते. नाडी न लागणाऱ्या पायाला शेक द्यायचा नाही. गरम विटेनं, गरम पाण्यानं भाजलेलं त्याला कळत नाही आणि भाजलेलं भरत नाही. अनवाणी जायचा नवस सिद्धनाथाला सांगून सोडवून घ्यायचा. देव पायावर रागावत नाही. बाभळीचा काटा मोडला तर सुईनं घरी कोरायचा नाही. रोज रात्री दिव्याखाली पावलं आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या; स्वतःला दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगायचं.

या मुलखात नवं औषध यावं, स्वस्तात यावं आणि खरं ठरून यावं, अशी माझी इच्छा आहे. मरणाऱ्या स्नायूत नवं रक्त आणण्याचं स्वप्न इस्नर यांनी पाहिलं, ते सोडून द्यावं असं मला वाटत नाही. आज ज्यांच्यासाठी काहीच उरत नाही, त्यांचा त्यावर हक्क आहे. पण ते औषध पायाच्या शेवटच्या टप्प्यावर लागतं. तिथं पोचण्याआधी माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पोटरी धरून रस्त्याकडेला थांबत असतो आणि सगळे त्याला वात झाला म्हणतात. माझी मागणी त्या काळासाठी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रत्येक खासगी दवाखान्यात, शुगरच्या आणि तंबाखूच्या प्रत्येक पेशंटचे पाय वर्षातून एकदा तरी उघडे करून दोन्ही नाड्या बघितल्या जाव्यात आणि केसपेपरवर त्यांची नोंद व्हावी. आशाताईंना, नर्सताईंना हे एका दुपारी शिकवता येतं. मी शिकवलं आहे आणि त्यांनी माझ्याकडं वेळेत पाठवलेले पाय मी पाहिले आहेत. तेवढं सगळीकडं होऊ लागलं, तर रान विकायची वेळ कितीतरी घरांवर येणार नाही.